हिला रांग म्हणू नका

कोजागरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दूध आटत होतं आणि कोणाची मुलं कुठे आहेत हा विषय नेहमीप्रमाणे निघाला होता. ठाण्यातल्या कुठल्याही गच्चीवर तो निघतोच. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं लग्न होऊन अकरा महिने झाले. नवरा परदेशात, ती इथे, आणि तिचा व्हिसा 'प्रोसेसमध्ये' आहे. हे सांगताना तिच्या आईचा आवाज जरा कापला. त्यावर आमचे एक स्नेही, बँकेतून निवृत्त झालेले, पेल्यातली साय बोटानं बाजूला सारत म्हणाले, "हे बघा वहिनी, व्हिसा हा काही कोणाचा हक्क नाही. त्यांचं घर, त्यांचं दार, वाटेल तेव्हा उघडतील. स्वखुशीनंच गेलेत ना सगळे? मग रांगेत उभं राहायचं, सगळे राहतात. आणि खोटी लग्नं काय कमी होतात? तपासणारच ते."

गच्चीवरच्या माना हलल्या. माझीही हलली असावी. घरी आल्यावर मात्र झोप येईना. या चार मुद्द्यांतला प्रत्येक मुद्दा सुटा घेतला तर पटतो, आणि चारही एकत्र ऐकले की त्या मुलीच्या आईला गप्प बसण्यावाचून काही उरत नाही. म्हणून हा प्रतिवाद. स्नेह्यांना सांगूनच लिहिते आहे. "लिहा की, वाचतो," म्हणाले.

रांगेपासून सुरुवात करते, कारण चारांत तोच शब्द जास्त फसवा आहे. रांग म्हणजे काय हे मुंबई-ठाण्याच्या माणसाला शिकवावं लागत नाही. लालबागच्या राजाच्या नवसाच्या रांगेत अख्खी रात्र काढलेली माणसं माझ्या ओळखीची आहेत. पण त्या रांगेत पुढच्याची पाठ दिसते. मधे कोणी घुसला तर ओरडता येतं. "जागा धरा हो जरा, चहा घेऊन येते," असं मागच्या बाईला सांगता येतं. आणि आपण पुढे सरकतो ते पुढचा माणूस मोकळा झाला म्हणून, हे डोळ्यांना दिसत असतं.

आता ही दुसरी बघा. अमेरिकेचा नागरिक झालेला माणूस भारतातल्या सख्ख्या भावासाठी किंवा बहिणीसाठी अर्ज करू शकतो. या प्रकाराला एफ-४ म्हणतात. जगभरच्या अशा भावंडांना मिळून वर्षाला ६५,००० जागा, आणि त्यातच त्यांचे नवरे, बायका, मुलं मोजायची. कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांपलीकडे वाटा मिळत नाही. ढोबळ हिशेब केला तर भारताच्या पदरात वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास माणसं पडतात, म्हणजे दीडेक हजार कुटुंबं. एकशेचाळीस कोटींच्या देशाला जी मर्यादा, तीच चार लाखांची वस्ती असलेल्या आइसलंडला. याला 'सगळ्यांना सारखी रांग' म्हणायचं असेल, तर हत्तीला आणि मुंगीला एकाच वाटीनं पाणी पाजणंही सारखंच म्हणावं लागेल.

२०२५ साली भारतातल्या ज्या भावंडांचे नंबर लागत होते, त्यांचे अर्ज २००६च्या सुमाराचे होते. एकोणीस वर्षं. अर्ज केला तेव्हा भावाचा मुलगा आठ वर्षांचा असेल तर नंबर लागताना तो सत्तावीस वर्षांचा घोडा झालेला असतो, आणि एकवीस ओलांडलं की कायद्याच्या नजरेत तो 'मूल' राहत नाही. २००२च्या एका कायद्यानं वयातून काही काळ वजा करायची सोय केली, पण वजाबाकी फक्त अर्ज तपासायला पडून होता तेवढ्या काळाची. मंजुरीनंतर नंबराची वाट पाहण्यात गेलेली वर्षं त्याच्या वयातच राहतात. मग आईबाप जातात, मुलगा मागे राहतो. कुटुंबं जोडण्यासाठी केलेल्या कायद्यानं एक कुटुंब जोडलं आणि त्याच सहीनं दुसरं फोडलं.

आणि ज्यांच्या हातात तारीख असते त्यांची तरी जागा पक्की असते का? डिसेंबर २०२५मध्ये एच-१बी (नोकरीच्या) आणि एच-४ (त्या नोकरदाराच्या जोडीदार-मुलांच्या) व्हिसाच्या अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खाती तपासायचं नवं फर्मान निघालं, आणि भारतातल्या असंख्य ठरलेल्या मुलाखती एका ईमेलनं पुढच्या वर्षात ढकलल्या गेल्या. जुन्या तारखेला आलात तर आत घेणार नाही, असंही बजावलं गेलं. लोक दोन-तीन आठवड्यांची रजा टाकून पासपोर्टवर शिक्का मारून घ्यायला आले होते. नोकरी तिकडे, मुलांची शाळा तिकडे, घराचे हप्ते तिकडे आणि माणसं इकडे. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकी दूतावासानं स्वतःच जाहीर केलं होतं की बॉट लावून घेतलेल्या मुलाखतीच्या सुमारे २,००० तारखा आम्ही रद्द केल्या. बॉट म्हणजे संगणकावर तारखा झडप घालून पकडणारी यंत्रणा. एखादी बाई रात्री दोनला उठून संकेतस्थळ उघडते, महिन्याची सगळी घरं करडी दिसतात, ती पुन्हा झोपते. आणि तीच तारीख सकाळी कोणी एजंट पैसे घेऊन विकतो. स्नेह्यांच्या बँकेत पासबुक भरायच्या खिडकीवर असं झालं असतं तर पहिली तक्रार त्यांनीच लिहिली असती.

आता 'त्यांचं घर, त्यांचं दार'. हे वाक्य ऐकायला फार ठाम आहे, आणि दारापाशी उभ्या असलेल्या परक्या माणसाच्या बाबतीत त्यात तथ्यही आहे. पण कुटुंबाच्या व्हिसात दार ठोठावणारा बाहेरचा असला तरी अर्जावर सही करणारा आतला असतो. तो तिथला नागरिक असतो किंवा कायमचा रहिवासी. तिथे कर भरतो, कित्येकदा मतही देतो. घर त्याचंही आहे. दाराची कडी कोणाच्या हातात, हा वाद त्या घरातल्या दोन माणसांमधला आहे, आपल्यातला आणि त्यांच्यातला नाही.

जून २०२४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न होता. लॉस एंजलिसची एक नागरिक महिला, नवरा एल साल्वादोरचा. वकिलातीनं त्याचा व्हिसा नाकारला, आधी कारणही धड सांगितलं नाही; पुढे कळलं की अंगावरच्या गोंदणावरून तो टोळीतला असावा असा संशय होता. न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला : परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा असा मूलभूत हक्क नागरिकाला नाही. लग्न करायला ती मोकळी आहे, संसार इथेच करता येईल याची हमी राज्यघटना देत नाही. मुळात अमेरिकेत वकिलातीतल्या अधिकाऱ्याच्या नकाराकडे न्यायालयं सहसा बघतच नाहीत, तो सिद्धांत तिथे जुना आहे. म्हणजे खिडकीमागचा एकटा अधिकारी काही मिनिटांत जे ठरवतो, त्यावर दाद मागायला वरचं दारच नाही. आपल्याकडे तलाठ्याच्या नोंदीवर प्रांताकडे अपील करता येतं!

स्नेही म्हणतील, निकाल माझ्याच बाजूचा लागला की. कायद्यानं लागला, खरं आहे. पण घराची उपमा तिथेच मोडली. घरमालकीणच बाहेर उभी आहे, हे त्या निकालात लिहून दिलं आहे.

या दाराची एक गंमत आमच्या लग्नाळू मुलांच्या घरांत सगळ्यांना पाठ आहे. मुलगा एच-१बीवर असेल, म्हणजे कायद्यानं तात्पुरता पाहुणा असेल, तर त्याची बायको एच-४वर त्याच्याबरोबरच जाऊ शकते. तोच मुलगा ग्रीनकार्ड हातात पडल्यावर लग्न करायला आला, म्हणजे कायमचा रहिवासी होऊन आला, की बायको एफ-२ए नावाच्या ठरावीक जागांच्या यादीत जाते आणि वर्षंच्या वर्षं इथे बसते. म्हणून 'मुलाचं ग्रीनकार्ड झालंय' हे जे वाक्य पूर्वी स्थळाच्या माहितीत पहिल्या ओळीत असायचं, ते ऐकल्यावर आता जाणते वधुपिते विचारतात, "कधी झालं? का व्हायचंय?" व्हायचं असेल तर उत्तम, चटकन साखरपुडा आणि नोंदणी उरकून घ्या. माझ्या ओळखीत एकीचं रजिस्टर लग्न एका मंगळवारी घाईघाईनं झालं आणि देवाब्राह्मणांसमोरचं आठ महिन्यांनी, ते याच पायी. मुहूर्त पंचांगातून निघण्याऐवजी वकिलाच्या ईमेलमधून निघाला.

पाहुण्याचं कुटुंब जवळ आणि घरच्याचं दूर, हा प्रकार फक्त अमेरिकेचा असता तर ती त्यांच्या कायद्यातली एक विसंगती म्हणून सोडून दिली असती. पण जर्मनी बघा. जर्मन नागरिकाच्या भारतीय बायकोला व्हिसाआधीच जर्मन भाषेची ए-१ परीक्षा द्यावी लागते, हा नियम २००७पासूनचा. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात नव्या नवऱ्यासाठी 'डेअर, डी, दास' घोकणाऱ्या मुली त्यामुळेच दिसतात. मात्र भारतातून ब्ल्यू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर, गेलेल्या इंजिनिअरच्या बायकोला हीच परीक्षा माफ आहे. आणि एखादा फ्रेंच नागरिक बर्लिनमध्ये राहत असेल तर त्याच्या परदेशी बायकोला युरोपीय कायद्यानं व्हिसा मोफत आणि लवकरात लवकर द्यायचा असतो, भाषेची अट नाही. म्हणजे बर्लिनमध्ये फ्रेंच माणसाची बायको आधी, मराठी इंजिनिअरची बायको नंतर, आणि खुद्द जर्मन माणसाची शेवटी. यात सुरक्षेचा कुठला विचार आहे ते कोणी मला समजावून सांगावं.

ब्रिटनचं मोजमाप सरळ पैशांत आहे. जुलै २०१२पासून परदेशी जोडीदार आणायचा तर वर्षाला किमान १८,६०० पौंड मिळकत दाखवावी लागू लागली. एप्रिल २०२४मध्ये ती अट २९,००० पौंडांवर गेली. तिथल्या किमान वेतनावर पूर्णवेळ राबणाऱ्या माणसाची वर्षाची कमाई याहून कमी भरते. दुकानात, वृद्धाश्रमात, गोदामात काम करणाऱ्या ब्रिटिश माणसानं प्रेम आपल्याच देशात करावं, असा हा हिशेब आहे. इंग्लंडच्या बालहक्क आयुक्तांनी २०१५मध्येच दाखवून दिलं होतं की या अटीपायी निदान १५,००० मुलं एका पालकाला फक्त पडद्यावर बघत वाढताहेत. त्यांना 'स्काइप कुटुंबं' असं नावही पडलं. आखातात तर हे अगदी उघड आहे. कुवेतनं २०२२मध्ये कुटुंबांचे व्हिसा थांबवले आणि जानेवारी २०२४मध्ये पुन्हा सुरू केले ते महिना ८०० दिनार पगार आणि पदवी अशी अट घालूनच. पदवीची अट पुढे काढली, पगाराची राहिली. रत्नागिरी-चिपळूणकडच्या ज्या घरांतून तिकडे ड्रायव्हर, फिटर, आचारी जातात, त्यांच्यासाठी हा आकडा म्हणजे 'एकटाच ये' असं स्वच्छ उत्तर आहे. कुवेतच्या प्रामाणिकपणाचं मला एका परीनं कौतुक वाटतं. त्यांनी रांगेचं सोंग आणलं नाही.

आता खोट्या लग्नांकडे वळते, कारण गच्चीवर सर्वांत जोरात माना हलल्या त्या यावर. खोटी लग्नं होतात. कागदोपत्री नवरे होतात, फोटोग्राफरकडून अल्बम बनवून घेतात, आणि पंजाबपासून विदर्भापर्यंत परदेशी नवऱ्यांनी टाकून दिलेल्या खऱ्या बायकाही आहेत. तपासू नका असं मी म्हणतच नाही. पण तपासणीला किती वेळ लागतो ते बघा. मुलाखत बहुधा काही मिनिटांची. भेट कशी झाली, लग्नाला कोण आलं होतं, सासूचं नाव काय. फार तर आणखी कागद मागतात. मग मागची दोन वर्षं, पाच वर्षं कोण काय तपासत होतं? कोणीच काही नाही. फाइल कपाटात होती. तपासणीला वेळ लागत नाही, तपासणीची पाळी यायला लागतो. शिवाय अमेरिकेनं १९८६मध्येच कायदा करून ठेवला आहे की लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर जोडीदाराला दोन वर्षांच्या बोलीवरच राहायचा परवाना द्यायचा आणि मग पुन्हा तपासायचं. खोटेपणा पकडायचा उपाय तर तिथे आत गेल्यावरचा आहे. बाहेर थांबवून खोटं लग्न खरं होत नाही आणि खऱ्या लग्नाचं मात्र नुकसान होतं. कागदी नवऱ्याला तीन वर्षं थांबायला काय जातं? त्याचा संसार दुसरीकडे चालूच असतो.

आणि संशयाच्या या धंद्याचा इतिहास आपल्या लोकांनी तरी विसरू नये. १९७९ साली लंडनच्या हीथ्रो विमानतळावर भारतातून लग्नासाठी गेलेल्या पस्तिशीतल्या एका शिक्षिकेची कौमार्य तपासणी केली गेली. कारण रांगेशीच जोडलेलं होतं. त्या काळी वाग्दत्त वधूला आधी व्हिसा काढावा लागत नसे. बायको म्हणून जाणारीला मात्र वकिलातीत लांबलचक थांबावं लागे. तेव्हा ही बाई लग्न झालेली असून रांग चुकवते आहे का, हे अधिकाऱ्यांना बघायचं होतं. ते त्यांनी तिच्या शरीरावर बघितलं. बोभाटा झाल्यावर सरकारनं ते बंद केलं. तीस वर्षांनी जुन्या सरकारी फायली बाहेर आल्या तेव्हा कळलं की अशा निदान ऐंशी तपासण्या झाल्या होत्या, विमानतळावर नव्हे, दिल्ली-मुंबईच्या ब्रिटिश कचेऱ्यांत. हीथ्रोच्या त्या प्रकारानंतर पुढच्याच वर्षी, १९८०ला, दुसरा नियम आला : तुमच्या लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये स्थायिक होणं हा नाही, हे तुम्हीच सिद्ध करा. नसलेला हेतू सिद्ध कसा करायचा? ठरवून केलेल्या आपल्याकडच्या लग्नांवर तो वरवंटा सतरा वर्षं फिरला आणि १९९७ला काढला गेला. ज्या व्यवस्थेनं हे केलं तिच्याबद्दल 'तपासणारच ते' असं म्हणताना आपण जरा थांबावं, एवढंच.

स्वखुशीनं गेलात, हे तर फारच झालं. ऑक्टोबर २०२४मध्ये जर्मनीनं भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिशांची संख्या वर्षाला २०,००० वरून ९०,००० वर नेत असल्याचं जाहीर केलं. निमंत्रण होतं ते. अमेरिकेत कंपनीला माणूस हवा असला की जादा फी भरून एच-१बीच्या अर्जावर पंधरा कामकाजी दिवसांत उत्तर मिळतं. बायकोसाठी केलेल्या अर्जाला अशी खिडकी नाही, कितीही पैसे द्यायची तयारी असली तरी नाही. हात हवे आहेत, ते पंधरा दिवसांत. त्या हातांना धरणारे हात नंतर बघू. ऊसतोडीच्या टोळ्यांतसुद्धा कोयत्याला जोडी धरून उचल देतात. तिथे त्यामागची कारणं अजिबात चांगली नाहीत, मला माहीत आहे, पण माणूस जोडीनं राहतो एवढं तरी मुकादमाला कळतं.

इथे माझं स्वतःचं सांगते, आणि देशाचं नाव घेत नाही. धाकट्या मुलीचं पहिलं बाळंतपण होतं. तिसरा महिना लागल्यावर तिनं कळवलं, त्याच आठवड्यात मी अर्ज केला. मुलाखतीची तारीख मिळाली चौदा महिन्यांनंतरची. लवकरची मिळावी म्हणून दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, शब्दही तेच. डिंकाचे लाडू एका ओळखीच्या मुलाच्या बॅगेतून गेले. मी गेले तेव्हा नात भिंतीला धरून चालत होती आणि मला बघून रडली.

यात काही जगावेगळं घडलं नाही, म्हणूनच सांगितलं. अमेरिकेच्या बी-२, म्हणजे पाहुण्यांच्या, व्हिसासाठी २०२२च्या अखेरीस भारतात मुलाखतीची प्रतीक्षा हजार दिवसांच्या घरात पोचली होती. बाळ नऊ महिन्यांत येतं, आजीची तारीख पावणेतीन वर्षांनी. तातडीच्या तारखेसाठी वेगळा अर्ज करता येतो, पण त्याच्या नियमांतच लिहिलेलं आहे की गरोदर नातेवाइकाच्या मदतीसाठी जाणं हे तातडीचं कारण धरलं जाणार नाही. लग्न नाही, पदवीदान नाही, आणि बाळंतपणही नाही. हे कलम लिहिणाऱ्याला कोणीतरी वाढवलंच असेल ना! पुढे मुलाखतीत त्या आजीनं परत येण्याची ओढ सिद्ध करायची, कारण तिथला कायदा प्रत्येक पाहुण्याला राहायलाच आलेला धरून चालतो. म्हणून आमच्या बायका फायली घेऊन जातात : घराचा करारनामा, एफडीच्या पावत्या, गावच्या जमिनीचा सातबारा, एका मैत्रिणीनं तर भिशीची वही नेली होती. काचेमागचा माणूस त्यातलं फारसं काही उघडतही नाही. तीन प्रश्न, आणि पासपोर्ट ठेवून घेतला तर मिळाला, परत सरकवला तर गेला. कधी रंगीत चिठ्ठी मिळते, दोनशेएकवीस-जी नावाची. संकेतस्थळावर 'नाकारला' दिसतं आणि चिठ्ठी सांगते की अजून प्रक्रिया चालू आहे, थांबा. किती, ते लिहिलेलं नसतं.

माझा खरा मुद्दा या चिठ्ठीत आहे. नकाराला निदान एखादं कलम लावावं लागतं. 'थांबा' म्हणायला काहीच लागत नाही. त्यावर सही नसते, त्याचा दिनांक नसतो आणि मधल्या काळात नवरा-बायको भांडली, म्हातारी गेली, मूल एकवीसचं झालं, तर फाइल आपोआप बंद होते. एवढं स्वस्त हत्यार कुठल्याही सरकारला आवडेल. म्हणून मी या थांबण्याला रांग म्हणायला तयार नाही.

हे मनाचे खेळ आहेत, त्यांच्याकडे माणसंच कमी आहेत, असं स्नेही म्हणतील. म्हणालेच होते, जिना उतरताना. कोविडनंतर कर्मचारी कमी होते हे खरं. भारत-कॅनडा भांडणात २०२३च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडाला ४१ राजनैतिक अधिकारी परत न्यावे लागले आणि त्यांच्या इमिग्रेशन खात्याची भारतातली माणसं २७ वरून ५ वर आली, तेही खरं. (त्या भांडणात आपण स्वतः काही काळ कॅनेडियन लोकांचे व्हिसा थांबवले होते. म्हणजे दोन सरकारं रुसली आणि टोरांटोच्या आज्या अडकल्या.) पण २०२३मध्ये अमेरिकेनं मनावर घेतलं तेव्हा काय झालं? बाहेरून अधिकारी आणले, मुंबईसह काही ठिकाणी शनिवारी खिडक्या उघडल्या, आणि सप्टेंबरपर्यंत भारतात वर्षातला दहा लाखावा व्हिसा दिला गेला. तो मुलाच्या पदवीदानाला निघालेल्या एका जोडप्याला समारंभपूर्वक दिला, फोटो सगळीकडे छापून आले. प्रतीक्षा झपाट्यानं उतरली. जी गोष्ट ठरवल्यावर कमी होते, ती आधीही कोणीतरी ठरवूनच तेवढी राहू दिलेली असते.

"मग काय, सगळ्यांना आत घ्यायचं?" हा प्रश्न राहिला. नाही. मला एवढंच हवं आहे की उत्तराला तारीख असावी. हे स्वप्नरंजन नाही. युरोपीय संघाच्या २००३च्या निर्देशात लिहिलेलं आहे की कुटुंबाच्या अर्जावर नऊ महिन्यांत निर्णय द्यायचा, आणि नकार असेल तर कारण लेखी द्यायचं. कॅनडानं जोडीदाराच्या अर्जासाठी बारा महिन्यांचं उद्दिष्ट स्वतःवर घालून घेतलं आहे. पाळतात की नाही हा पुढचा वाद, पण निदान पाळलं नाही असं म्हणता तरी येतं. युरोपातली पळवाटही सांगते : नऊ महिने मोजायचे ते अर्ज हातात घेतल्यापासून. अर्ज द्यायची वेळ मिळायलाच वर्ष गेलं तर ते वर्ष मोजलंच जात नाही. घड्याळ खिडकीच्या आत टांगलेलं आहे आणि माणसं बाहेर उभी आहेत. ते घड्याळ बाहेर आणा. मुलाचं वय अर्जाच्या दिवशी गोठवा. आणि मुदत चुकली तर घेतलेली फी परत करा. स्नेह्यांच्या बँकेलाही चुकीचा दंड भरावा लागतो, त्यांना हे पटायला हरकत नसावी.

लेखाचा हा मजकूर त्यांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकला आणि एकच विचारलं, "भारत सरकारलाही हेच म्हणाल का वहिनी?" प्रश्न अचूक होता. भारतीय माणसाशी लग्न केलेल्या परदेशी बाईला ओसीआय कार्ड मागायचं तर नोंदलेलं लग्न आधी सलग दोन वर्षं टिकलेलं दाखवावं लागतं, त्यावर सुरक्षा यंत्रणांची मंजुरी वेगळी. आणि पाकिस्तानात सासर किंवा माहेर असलेल्या घरांचं विचारूच नका. उल्हासनगरच्या सिंधी घरांत विचारा, सख्ख्या बहिणीच्या तेराव्याला जाता आलं का.

म्हणते, भारत सरकारलाही हेच म्हणते. एप्रिल २०२५मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. हल्ला भयंकर होता, राग साहजिक होता. पण त्या पहिल्या दिवसांत अटारीच्या फाटकाशी भारतातून तिकडे दिलेल्या मुली उभ्या होत्या, माहेरी आलेल्या. पासपोर्ट त्यांचा भारतीय आणि कडेवरच्या मुलांचा पाकिस्तानी. मुलांना जायचा हुकूम होता आणि आईला पलीकडे सोडत नव्हते. नंबर कितवा आहे हे विचारायला त्यांना खिडकीसुद्धा नव्हती.